चुलीजवळचा पाट

एका राज्यात हंबीर नावाचा पोरगा भेटेल त्याला एकच विचारी, ‘‘चुलीजवळच्या पाटावर पाहुण्याला बसवायचं नाही, तर रोज तो मांडायचा कशाला?’’ थोरली बहीण केतकीताई म्हणे, ‘‘मोठा झालास की सांगेन.’’ आणि तापात ताईच गेली.

घाटमाथ्यावरचं त्यांचं पाहुणेघर शापित होतं. आजोबांनी एका मांत्रिकाला दारातून हाकललं होतं. तो म्हणाला होता, ‘‘पाहुणा विन्मुख गेला तरी घर दगड होईल, घराचा नियम मोडला तरी दगड होईल.’’ ताईने दोन्ही सांभाळलं होतं. पण दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. हंबीर रडला, मग ढेकूळ घेऊन धावला.

‘‘मारतोस काय!’’ कावळा बोलला. ‘‘तुझ्या ताईचा जीव घरात अडकलाय. घर शापातून सोडव, मग शिवेन.’’

त्याच सांजेला एक राजा आला, सोबत पाळलेला वाघ.

‘‘वाघ माझ्याजवळ निजेल.’’

‘‘जनावर उंबऱ्याच्या आत नाही, हा घराचा नियम! चालते व्हा!’’ हंबीर ओरडला. राजा पाठमोरा झाला आणि स्वयंपाकघराची भिंत दगड झाली.

‘‘अरे शहाण्या,’’ कौलावर येऊन बसलेला कावळा म्हणाला, ‘‘ताई आधी विचारायची, कशाला हवंय?’’

हंबीर धावत गेला. ‘‘महाराज, वाघ जवळ कशाला?’’

राजा लाजला. ‘‘तो अंधाराला भितो.’’

हंबीरने राजाचंच अंथरूण ओसरीवर घातलं. दोघे उंबऱ्याबाहेर घोरू लागले.

दुसऱ्या दिवशी वीणा घेऊन एक राजकन्या आली; रात्री वाजवणारच म्हणाली. दिवेलागणीनंतर घरात वाद्य वाजवायचं नाही, हाही घराचा नियम.

‘‘कशाला हवंय?’’ हंबीरने दातओठ खात विचारलं.

‘‘अंधार पडल्यावर वाजवली नाही, तर तारांचे साप होतात.’’

‘‘मग वाजवा. दिवा मी लावतो, तो आज उशिरा लावीन.’’

वीणा संपेपर्यंत घर काळंकुट्ट. ओसरीवर अजून मुक्कामाला असलेल्या राजाचा पाय वाघाच्या शेपटीवर पडला. दोघेही सारखेच किंचाळले.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारा आला आणि चुलीजवळच्या पाटाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘मला तिथे बसव.’’

‘‘कशाला, बाबा?’’

‘‘पाय गारठलेत. जिथे गेलो तिथे मी पाहुणाच राहिलो.’’

बसवलं तर नियम मोडणार, नाही म्हटलं तर पाहुणा विन्मुख जाणार. इतक्यात भात उतू गेला. हंबीरचे हात कणकेत. ताई गेल्यापासून तिच्या पळीला त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता. पण त्या घाईत तो ओरडला, ‘‘बघत काय बसलात, बाबा? ती पळी घ्या, ढवळा!’’

राजाने जीभ चावली. पाहुण्याला कुणी काम सांगतं?

म्हातारा मात्र लगबगीने पाटावर बसला आणि भात ढवळू लागला. घर दगड झालं नाही. उलट दगडी भिंतीचे पोपडे पडले नि आतून ताईने सारवलेली माती दिसू लागली.

म्हाताऱ्याचे डोळे भरले. ‘‘शाप मीच दिला होता, पोरा. पाहुण्याला पंचपक्वान्नं वाढतात. काम घरच्यालाच सांगतात; हा पाट त्याचीच वाट बघत होता.’’

‘‘मग घरच्यासारखं मीठही बघा,’’ हंबीर नाक पुसत म्हणाला.

घर सुटलं. राजाने वाटसरूंसाठी घाटाच्या वाटेवर पहारे बसवले; म्हातारा चूल सांभाळू लागला. त्या दुपारी हंबीरने चुलीवरचा पहिला भात ताईच्या पळीने पानावर वाढला, वर दही घातलं आणि पान नदीकाठी ठेवून तो दूर सरला.

कावळा शिवला.