जोत्यावरचा तंबू

एका मोठ्या धरणाच्या काठी, चढावरच्या वाडीत सारजा नावाची एक बाई राहत असे. धरण एवढं मोठं की पलीकडच्या काठावरचा बैलसुद्धा मुंगीएवढा दिसावा. धरण व्हायच्या आधी सारजाच्या सासरची भातखाचरं तिथे होती. ती पाण्यात गेली. उरला नुसता माळ. त्या माळावर सारजाने आणि तिचा नवरा बाळकूने तंबू ठोकले आणि शहरातल्या पाहुण्यांना मुक्कामाला जागा द्यायला सुरुवात केली.

शनिवार आला की पाहुण्यांची झुंबड उडे. कुणाला होडीत बसायची हौस, कुणाला जाकीट घालून डुंबायची. कुणी दिवसभर गळ टाकून बसे, शेवटी एक खेकडासुद्धा लागत नसे, आणि मग गडी मुकाट्याने सारजाच्या हातचं पिठलं खाई. "मावशी, इथे नेटवर्क कुठे येतं हो?" हा प्रश्न तर ठरलेला. सारजा म्हणे, "त्या करवंदीच्या जाळीमागं येतं बाबा. पण तिथं साप बी येतो." पाहुणा फोन खिशात घाली आणि निमूट डोंगराकडे बघू लागे.

बाई कामाला वाघ, जिभेला तिखट आणि मनाने लोण्यासारखी. पण एक खोड तिला होती. काम करता करता ती पाण्याकडे बघत राही. तव्यावर भाकरी करपे, पाहुणे नाकाला रुमाल लावत, तरी हिची नजर आपली पाण्यावर. का म्हणाल, तर त्या पाण्याखाली तिचं माहेर होतं.

खालचं गाव, म्हणत त्याला. नदीकाठचं शेवटचं घर सारजाच्या बापाचं. ती नुकती लग्न होऊन वरच्या वाडीत आली होती, तेव्हाची गोष्ट. धरणाची भिंत उभी राहिली. गाव उठवायचा हुकूम आला. तोवर आईबाप दोघेही वारले होते, घरात उरला होता एकटा धाकटा भाऊ, मुरलीधर. सारजा त्याला म्हणाली, "मुरल्या, इतक्यात हलू नको. पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत थांब. आईचं घर असं उघडं टाकून जाऊ नये." पण मुरलीधर थांबला नाही. पहिला ट्रक आला, त्यात त्याने भांडीकुंडी चढवली आणि गेला निघून. दूर पूर्वेकडे, जिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही अशा माळावर सरकारने नवं गाव वसवलं होतं, तिथे.

सारजाच्या काळजाला ते लागलं. तिने निरोप धाडला, "घर पाण्यात सोडून पळालास. तुझ्या दारात मी पाऊल टाकायची नाही. माझं माहेर इथंच आहे."

बोलली ते बोलली, आणि धरूनच बसली. मुरलीधर दर दिवाळीला बोलावी, ही जात नसे. त्याचं लग्न झालं, ही गेली नाही. वाडीतल्या बायका सणाला माहेरी निघत, नवी लुगडी नेसून एस.टी.त बसत, तेव्हा सारजा काठावर जाऊन बसे. तिचा जीव नुसता तुटे. आईच्या हातची पेज आठवे, परसातली शेवग्याची शेंग आठवे, आणि डोळ्यांतून घळघळा पाणी वाही. होडीवाला पाहुण्यांना घेऊन गाणी लावत त्या जागेवरून गेला की ती काठावरून ओरडे, "अरे मेल्या, हळू! माझ्या आईचं सैपाकघर आहे खाली!" पाहुणे हसत. मग तिचा चेहरा बघून गप्प होत.

अशी वीस वर्षं गेली.

मग एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही. उन्हाळ्यात धरण आटू लागलं. आधी जुना रस्ता वर आला, मग वडाचं खोड, मग एकेका घराची जोती दिसू लागली. लोक म्हणत, "वाईट दिवस आले." सारजाच्या मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. ती रोज सकाळी काठावर जाई आणि पाणी किती हटलं ते बघे. तिचं घर नदीच्या कडेला, म्हणजे सगळ्यांत खाली. ते सगळ्यांत शेवटी येणार. वैशाख लागला आणि एके दिवशी पाण्याच्या कडेला काळ्या दगडांची चौकोनी रांग दिसली. सारजाने हात जोडून नमस्कार केला.

तिने मनाशी ठरवलं. चिखल वाळू दे, मग जायचं. जोतं झाडायचं, शेणाने सारवायचं, तीन दगडांची चूल मांडायची, आईसारखी पेज करायची आणि एक दिवस माहेरी राहायचं. एक दिवस, बस्स! आयुष्यात दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

नेमका तेव्हाच मुरलीधरचा फोन आला. "अक्का, मुलगी झाली गं! किती नवस केले, किती डॉक्टर केले, शेवटी देवाला दया आली. रविवारी दुपारी बारसं धरलंय. आत्या तूच एकली. नाव तूच ठेवायचंस. आता तरी ये."

सारजाला भरून आलं, नाही असं नाही. पण रविवारीच ती जोत्यावर जाणार होती. चिखल आत्ता कुठे वाळला होता, आणि वरच्या धरणातून पाणी सोडणार असं जो तो म्हणत होता. पाणी चढलं की जोतं गेलं, पुन्हा कधी दिसेल कुणी सांगावं! ती फोनवर म्हणाली, "बघते." आणि फोन ठेवून बाळकूला म्हणाली, "पोर काय, पुढच्या महिन्यात बी पाळण्यातच असंल. घर पुन्हा दिसायचं नाही."

बाळकू तंबूची खुंटी ठोकत होता. तो म्हणाला, "एकुलता एक भाऊ हाय तुझा. बघ बाई." आणि पुन्हा ठोकू लागला. बाळकू असाच, एका वेळी दोन वाक्यांच्या वर जात नसे.

रविवारी उजाडताच सारजा निघाली. नवं हिरवं लुगडं नेसली, हातभर बांगड्या भरल्या, केसांत अबोलीचा गजरा माळला. एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात शेणाची बादली, कमरेला तांदळाची पुरचुंडी. माहेरवाशीण म्हणावं की कामवाली, कळायला मार्ग नव्हता! भेगाळलेल्या गाळावरून ती झपाझप उतरत होती आणि तिचं काळीज पोरीसारखं उड्या मारत होतं.

जवळ जाऊन बघते तर काय, जोत्यावर तंबू!

भला मोठा केशरी तंबू. बाहेर दोरीवर टॉवेल वाळत घातलेले. स्टोव्ह फुरफुरत होता आणि दोन पोरं आईच्या सैपाकघरात शिंपले गोळा करत होती. सारजाच्या डोक्यात तिडीक गेली.

"उठा! उठा आधी! कुणाला विचारून बसलात? माझं घर आहे हे!"

तंबूतून एक बाई घाबरून बाहेर आली. मागोमाग तिच्याच तोंडावळ्याचा एक टकलू गृहस्थ. दोघंही शहरातली, पाठीवर स्वतःचा तंबू घेऊन फिरणारी. बाई हात जोडून म्हणाली, "चुकलं आमचं, मावशी. खरंच माहीत नव्हतं. सगळीकडे भेगा, इथे सपाट दगड दिसले म्हणून तंबू लावला. काढतो लगेच. पण चहा उकळतोय, तेवढा घ्या ना आमच्याबरोबर. या, बसा."

या, बसा! आपल्याच माहेरच्या उंबऱ्यावर परकी बाई आपल्याला या, बसा म्हणते. सारजाचा राग तोंडाशी आला होता, पण ते दोन शब्द ऐकले आणि तो तिथेच विरला. वीस वर्षांत माहेरच्या दारात तिला कुणी या म्हटलं नव्हतं. ती मटकन खाली बसली.

बसल्या बसल्या तिने सगळीकडे पाहिलं. चूल कुठे होती? कळेना. देवळी कुठे होती, जातं कुठे होतं, आई वेणी घालायला कुठे बसायची? सगळीकडे सारखाच गाळ, सारखंच शेवाळ, आणि मेलेल्या माशांचा वास. एवढी वर्षं जे डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं, ते इथे येऊन दिसेनासं झालं. घर काही म्हणेल, म्हणून ती वाट बघत राहिली. दगड ते, काय म्हणणार!

तिकडे ती बाई आणि तो टकलू गृहस्थ यांची आल्यावरून जुंपली होती.

"चेचून टाक म्हटलं तर किसतोय बघा!"

"तू गप गं. चहा मी करतोय ना? लहानपणापासून नुसती हुकूम सोडते."

"आणि तू लहानपणापासून दूध उतू घालवतोस. ते बघ, गेलं!"

खरंच दूध उतू गेलं. दोघं बहीणभाऊ पोट धरून हसू लागली. पोरंही हसू लागली. सारजाला हसावं की रडावं कळेना.

बाईने चहाचा पेला तिच्या हातात दिला. काहीतरी बोलायचं म्हणून सारजाने विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?"

बाईने अंगठ्याने भावाकडे दाखवलं. तो बिचारा स्टोव्हवर सांडलेलं दूध पुसत होता. "हे काय, चहा करतंय की!" ती म्हणाली. "आमचं घर कधीच पाडलं, मावशी. तिथे इमारत उभी आहे. मग आम्ही दोघं वर्षातून एकदा कुठेतरी तंबू ठोकतो आणि मनसोक्त भांडतो."

 सारजाने पेला खाली ठेवला. त्या पुसणाऱ्या गृहस्थाकडे ती बघतच राहिली, आणि तिला मुरल्या दिसला. लहानपणीचा, नाक वाहणारा, अक्काच्या पदराला धरून नदीवर येणारा. आता तो कसा दिसतो, ते तिला माहीतच नव्हतं. केस पिकले असतील का? बापासारखा वाकला असेल का? तो आवाज वर्षातून एकदा फोनवर यायचा, आणि ती "बघते" म्हणून फोन ठेवायची.

ती ताडकन उठली. "तंबू काढू नका," ती म्हणाली. "राहा. पोरांना पाण्याच्या कडेला सोडू नका, तिथं गाळ ओला आहे, पाय रुततो." आणि केरसुणी, बादली तिथेच टाकून ती आल्या पावली चढ चढू लागली.

वर बाळकू होता. "एस.टी. गाठून द्या मला," ती धापा टाकत म्हणाली.

"बारसं दुपारी हाय. पोचशील तवा पंगती उठलेल्या असतील."

"उठू देत. उष्टी काढायला तरी पोचते!"

दोन एस.टी. बदलून ती नव्या गावात पोचली तेव्हा उन्हं कलली होती. मांडव उतरवत होते. बायका हंडे घासत होत्या. गाव कसलं, एकसारख्या घरांच्या रांगा. तिला भावाचं घर विचारत विचारत जावं लागलं. दारात एक केस पिकलेला माणूस गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. चाहूल लागली तसं त्याने वर पाहिलं.

"अक्का?"

"झालं का रे बारसं?" सारजाला एवढंच विचारता आलं.

"कसलं होतंय! आत्याबाईशिवाय नाव कोण ठेवणार? बायका म्हणाल्या, शेजारचीला बसवू. मी नको म्हटलं. वाट बघून बघून माणसं जेवून गेली. पोर बिननावाचीच झोपलीय." मुरलीधर उठला.  "अक्का, तुला घर हवं होतं, मला ठाऊक आहे. मला काय नको होतं? पण वीस वर्षं मी दर भाऊबीजेला आंघोळ करून पाटावर बसतो. बायको म्हणते, कुणाची वाट बघता? दुपार टळली की पाट उचलतो."

सारजाने त्याला जवळ ओढलं. मग दोघंही लाज सोडून रस्त्याच्या मधोमध उभं राहून मोठमोठ्याने रडली. हंडे घासणाऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

घरात पाळणा तसाच सजवलेला होता. भावजय मुलीला घेऊन आली. सारजाने तिला पाळण्यात ठेवलं, कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. आता नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही तर रीतच. पण घालायला होतं कोण? पोरंसोरं केव्हाच पांगली होती.

तेव्हा मुरलीधरच पुढे झाला. त्याने बहिणीच्या पाठीत एक हलकासा धपाटा घातला आणि म्हणाला, "हा नावाचा." मग त्याने मूठ आवळली. "आणि आता हे घे, वीस वर्षांचे!"

"घाल," सारजा पाठ वाकवून म्हणाली. "एक बी सोडू नको."

तात्पर्य: जे बुडालं त्याच्यासाठी जीव तुटतो, आणि तो तुटणारच, पण त्यापायी, जे माणूस जितंजागतं आपली वाट बघतंय त्याच्याकडे पाठ फिरवू नये.