चाळीस मीटरची रेघ

राजे उदाजीरावांचं म्हणणं होतं की ते समुद्रात चाळीस मीटर खोल जाऊन आले. त्यांच्या मनगटावरच्या यंत्राचं म्हणणं होतं, चार मीटर.

शंखगड संस्थानात महाराजांच्या शब्दाविरुद्ध जायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. ती केली घड्याळाएवढ्या एका डाइव्ह कॉम्प्युटरने. हे यंत्र बांधून पाण्यात उतरलं, की माणूस कधी किती खोल होता ते दर काही सेकंदांनी टिपत राहतं, आणि वर आल्यावर त्या सगळ्या नोंदींची एक रेघ काढून दाखवतं. शेजारच्या मोरबेटच्या राजांनी आपली अडतीस मीटरची रेघ चौकटीत बसवून दरबारात टांगली होती, आणि तेव्हापासून उदाजीरावांना अन्न गोड लागेना. त्यांनी यंत्र मागवलं, अंगाबेताचा सूट शिवून घेतला आणि बुधवारी सकाळी सगळ्या किनाऱ्यादेखत पाण्यात उडी घेतली. चार मीटरवर नांगराचा दोर हाताला लागला. तो त्यांनी बेचाळीस मिनिटं सोडला नाही.

सोबत वैजू गिरकर होती. संस्थानच्या बोटीवर ती गाईड होती; महाराजांना खाली नेणं आणि सुखरूप वर आणणं हे तिचं काम. तिच्या मनगटावरही यंत्र होतं, आणि त्यातही चारच मीटर होते.

दरबारात यावर मोठा खल झाला. राजवैद्य म्हणाले, महाराजांच्या नाडीचा जोर एवढा, की यंत्र गांगरलं. सेनापतींच्या मते समुद्रच महाराजांना पाहून मागे सरला, त्यामुळे डोक्यावर पाणी कमी भरलं. मग वैजूच्या यंत्राचं काय, असं कोणीतरी विचारलं. त्यावर दिवाणजी शांतपणे म्हणाले, "महाराजांचं यंत्र चार मीटर दाखवत असताना तिचं यंत्र त्याहून खोल जाईल, एवढं ते उद्धट नाही."

महाराजांना हे सगळं पटलं, पण मन भरलं नाही. शनिवारी दुपारी मोरबेटचे राजे स्वतः रेघ बघायला येणार होते, आणि येताना अशा रेघा वाचणारा जाणकार घेऊन येणार होते. तेव्हा हुकूम सुटला. शनिवारी सकाळपर्यंत वैजूने चाळीस मीटरची रेघ हजर करावी. यंत्र उघडायचं नाही, ते बांधून दुसऱ्या कोणी खाली जायचं नाही, आणि रेघ अशी हवी की जाणकाराला एक चूक सापडता कामा नये. नाही जमलं, तर तिने पुन्हा समुद्रात पाय घालायचा नाही. आयुष्यभर राजवाड्याची कारंजी घासायची.

वैजू घरी आली आणि ओसरीवर बसून राहिली. महाराज खोटे म्हणावं तर नोकरी जाणार. यंत्र खोटं म्हणावं तर उद्या त्याच यंत्राच्या भरवशावर माणसं खाली न्यायची कशी? ती पोहायला शिकली त्याच्या आधीपासून तिला त्या पाण्याची ओढ होती. शुक्रवारचा अख्खा दिवस ती कागद, पट्टी आणि खोलीची कोष्टकं घेऊन बसली.

शनिवारी सकाळी ती दरबारात आली ती काखेत कागदाची भलीमोठी गुंडाळी घेऊन. तिने एक टोक सिंहासनापाशी ठेवलं आणि गुंडाळी सोडायला सुरुवात केली. रेघ झपकन चाळीस मीटरवर उतरली आणि बेचाळीस मिनिटं तिथेच सरळ राहिली. महाराजांचा चेहरा खुलला. दिवाणजींनी मान डोलावली. पण रेघ संपेना. ती जराशी वर चढायची, थांबायची, पुन्हा जराशी चढायची, पुन्हा बराच वेळ थांबायची, आणि कागद उलगडत उलगडत पार दरवाजापर्यंत गेला.

महाराजांनी विचारलं, हे पुढचं शेपूट कसलं?

वैजूने समजावून सांगितलं. तेवढ्या खोलवर इतका वेळ काढला, की श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो. तो सावकाश बाहेर पडावा म्हणून माणसाने थांबत थांबत वर यायचं असतं. यंत्र ते थांबेही नोंदवतं. इथे तास-दीड तास तरी लागले असते. घाईने वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस दगावतो.

"मग ठेव ते थांबे. छान दिसतायत," महाराज म्हणाले.

"ठेवता येणार नाहीत, महाराज. आपण एका मिनिटात वर आलात आणि किनाऱ्यावर बसून कोलंबीभात खाल्लात, हे सगळ्या गावाने पाहिलंय. जाणकार पहिला प्रश्न तोच विचारणार." तिने खिशातून कात्री काढली आणि ते लांबलचक शेपूट कापून टाकलं. आता रेघ चाळीस मीटरवरून सरळ वर आली होती. "ही घ्या, हुकमाप्रमाणे बिनचूक. फक्त खाली सही कोणत्या महाराजांची घ्यायची तेवढं सांगा. कारण या रेघेप्रमाणे बुधवारी सव्वाबारा वाजता शंखगडची गादी रिकामी झाली."

तेवढ्यात उजव्या हाताला बसलेल्या धाकट्या रावसाहेबांनी, महाराजांच्या सख्ख्या भावाने, नकळत पगडी सारखी केली आणि जरा ताठ बसले.

महाराजांनी ते पाहिलं. आधी त्यांच्या मिशा थरथरल्या, मग पोट हललं, आणि मग ते असे हसले की सिंहासनाला धरून बसावं लागलं.

"चार मीटर!" डोळे पुसत ते ओरडले. "आम्ही चारच मीटर गेलो होतो. लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. आम्ही जिवंत आहोत!"

दिवाणजी लगबगीने म्हणाले की आपलं पहिल्यापासून हेच मत होतं.

महाराजांनी तिथल्या तिथे वैजूला संस्थानच्या बोटीची मुखत्यार केलं. खाली कोण जाणार, किती खोल जाणार आणि वर कधी येणार, हे यापुढे तिने ठरवायचं. त्यात राजानेही तोंड घालायचं नाही. मग त्यांनी आपल्या मनगटावरचं यंत्र सोडलं आणि दिवाणजींच्या मनगटावर स्वतःच्या हाताने बांधलं.

"यांना सोमवारी घेऊन जा, वैजू," ते म्हणाले. "चार आणि चाळीस यांतला फरक कळला, की वर आण."