सकाळचा अभ्यास

“मग इतकी वर्षं मी वाचलं ते काय होतं, फादर?”

हणमंतराव शितोळ्यांनी हे विचारलं तेव्हा फादर साबळे स्टोव्हवरून चहाचं पातेलं उतरवत होते. त्यांनी मान वर केली नाही. चहा गाळला, दोन कप भरले, एकावर बशी झाकली आणि तो हणमंतरावांसमोरच्या स्टुलावर आणून ठेवला.

“बस आधी,” ते म्हणाले.

हणमंतराव बसले. पण बसले ते कचेरीत बसावं तसे, पाठ ताठ ठेवून. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणावर झालेली. पूर आला, दरवाजे उघडायचे की नाही यावरून माणसं हातघाईवर आली, तरी या गृहस्थाचा आवाज कधी चढला नव्हता. ‘शितोळेसाहेब म्हणजे बर्फाची लादी’ असं खात्यात म्हणत. साहेबांना ते आवडे. खोटं कशाला बोला, फार आवडे.

ही लादी गोठली होती याच ओसरीवर. हणमंतराव नव्या नोकरीत या भागात आले तेव्हा फादर चर्चमागच्या या दोन खोल्यांत राहत आणि संध्याकाळी येईल त्याला स्टोइक शिकवत. जुन्या ग्रीसमधली, रोममधली ती माणसं, कुणी गुलाम तर कुणी राजा. त्यांचं सांगणं थोडक्यात एवढंच, की जे आपल्या हातात नाही त्यासाठी ऊर बडवू नका, जे हातात आहे ते नीट करा. फादर लॅटिनमधून वाचत आणि नगरी मराठीत समजावत. ऐकणारे आले नि गेले. हणमंतराव तेवढे चिकटले.

बदल्या झाल्या, गावं बदलली, पण दर नाताळात ते इथे यायचे. पुस्तकंही तीच. संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. पानं जुन्या लुगड्यासारखी मऊ पडली होती.

या खेपेला नाताळ लांब होता, तरी ते आले होते. त्यांची बायको कुमुद गेल्या महिन्यात वारली होती.

“मी येणार होतो,” फादर म्हणाले. “गुडघे उचलत नाहीत रे...”

“नाही आलात तेच बरं. बघण्यासारखं काही नव्हतं. मी रडलो नाही.”

“हं.”

“एक टिपूस नाही. घरात नाही, घाटावर नाही. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस. मलाही आधी तसंच वाटलं. वाटलं, वाचलेलं कामी आलं.”

“मग?”

हणमंतराव म्हणाले, “दहाव्याला कावळा शिवेना.”

कावळे नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर ओळीनं बसले होते, पण पिंडाकडे उतरत नव्हते. गेलेल्या माणसाची एखादी इच्छा मागे राहिली की असं होतं, ही आपल्याकडची समजूत. मग घरचं कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं आणि म्हणतं, तुझं अमुक राहिलंय ते मी करीन, तू सुखानं जा.

“मेहुणा म्हणाला, ‘दाजी, बोला कायतरी. काय ऱ्हायलं असंल आक्काचं?’ मी म्हणालो, कावळ्यानं यावं की न यावं, हे आपल्या हातात नाही.”

फादरांनी डोळे मिटले आणि उघडले.

“सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. ऊन चढलं. तो पुन्हा म्हणाला, ‘दाजी, पाया पडतो, कायबी बोला.’ रडत होता. तेव्हा मी खरंच आठवायला लागलो. तिला काय हवं होतं? कुठं जायचं होतं, काय घ्यायचं होतं, कुणाला भेटायचं होतं...” हणमंतरावांनी हात उघडून दाखवले. “काही नाही, फादर. एक गोष्ट सुचली नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववला.”

“आणि?”

“परत येताना गाडीत केतकी, माझी मुलगी, म्हणाली, ‘बाबा, तुमचं आईवर प्रेम होतं का हो?’ चिडून नाही. नुसतं विचारलं. तेरावं झालं आणि ती तिच्या घरी गेली. फोन करते. जेवलात का, एवढं विचारते आणि ठेवते.”

आवाज चढला नाही. उलट खाली गेला. हणमंतरावांना भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत भीती वाटत होती, की मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘नाही’ असेल.

“महिनाभरात सगळं पुन्हा वाचून काढलं,” ते म्हणाले. “पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घडा पालथा नव्हता. काठोकाठ भरला होता. कशानं भरला होता तेच कळत नाही. कुठंतरी मी चुकीचं वाचलंय. ते पान दाखवा मला.”

“सगळ्यात जास्त कुठलं वाचलंस?”

“सकाळच्या अभ्यासाचं. तुम्हीच शिकवलेला.”

फादरांना आठवत होता. उठल्यावर डोळे मिटून बसायचं, आणि जे आपलं लाडकं माणूस, ते आज मरणार आहे असं मनात आणायचं. म्हणजे मरण आलं तरी परकं होऊन येत नाही. हणमंतरावांनी तो अभ्यास कधी चुकवला नव्हता. दौऱ्यावर केला, तापात केला. केतकीच्या लग्नाच्या दिवशी मांडवात सनई लागलेली असताना त्यांनी आतल्या खोलीत बसून कुमुदला मनातल्या मनात तिरडीवर ठेवलं, आणि मग उठून वरबापाच्या स्वागताला गेले.

“कसा करायचास?”

हणमंतराव सावरून बसले. हे त्यांना येत होतं. “ती कॉटवर पडलेली आहे. हात गार. मी शेजारच्या देवकरांना हाक मारतो. ते सगळ्यांना फोन करतात. केतकी येते आणि उंबऱ्यातच बसते. हिरवी साडी नेसवतात, कपाळभर कुंकू लावतात. उचलताना बांगड्या एकदा वाजतात. चादर अपुरी पडते, टाच उघडी राहते. ती मी झाकतो.”

“आणि झालं तसंच?”

“अगदी तसंच,” हणमंतराव म्हणाले. “टाचसुद्धा.”

फादरांचा चहा पिऊन झाला होता. हणमंतरावांचा कप बशीखाली तसाच होता.

“पुन्हा कर,” फादर म्हणाले.

“काय?”

“अभ्यास. मीट डोळे.”

“आता कशाला? ती गेली की.”

“म्हणूनच. आता ती जिवंत आहे, असं मनात आण. तसंच, बारीकसारीक. सकाळी उठल्यापासून.”

त्यात काय अवघड, असं हणमंतरावांना वाटलं. त्यांनी डोळे मिटले.

“ती उठते. स्वयंपाकघरात जाते.”

“काय नेसलीय?”

“साडी.”

“कुठली?”

...

“केस?”

“अंबाडा... नाही, सकाळी वेणी असेल. मागं कापले होते बहुतेक.”

“काही गुणगुणते?”

“गुणगुणत असेल.”

“हसते तेव्हा?”

...

“हणमंत, हसते तेव्हा?”

हणमंतरावांच्या कपाळावर घाम आला. तिचं मरण त्यांना कोपरान् कोपरा पाठ होतं. जगणं कुठंच सापडत नव्हतं. घर होतं, ओटा होता, ओट्यावर भांडी होती. आणि ओट्यापाशी जिथं बाई उभी असायला हवी तिथं पांढरी चादर होती. ती दूर करायला जावं तर खाली पुन्हा तेच गार हात.

“काहीच नाही?” फादरांनी हळू विचारलं.

“आहे. एक आहे. आवाज.”

“काय म्हणते?”

“‘अहो, चहा निवतोय.’ रोज म्हणायची. मी बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसलेला असायचो. दोनदा हाक मारायची. मग कपावर बशी झाकून जायची. मी उठेपर्यंत चहावर साय धरलेली असायची. मी तो ओतून द्यायचो आणि दुसरा मागायचो.”

“आवाजाकडे बघ. चेहरा दिसेल.”

“नाही दिसत.”

“बघ.”

“नाही दिसत, फादर!” पुरात न चढलेला आवाज चढला. अंगणातल्या कोंबड्या फडफडल्या. “कसा दिसेल? ती हाक मारायची तेव्हा माझे डोळे मिटलेले असायचे. मी तिला मारत असायचो ना!”

त्यांनी डोळे उघडले. कोरडे होते. रडू आलं असतं तर सुटले असते बिचारे, पण आलं नाही.

मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, “ती गेली त्या सकाळी हाक आली नाही. मी बाहेरच्या खोलीतच झोपतो, पुस्तकांपाशी. उठलो, बसलो. ती आत होती... कॉटवर. मला वाटलं, आज अभ्यास किती छान झाला. कुणी मध्ये बोललं नाही.”

 

“डोळे मिटायला मी शिकवलं,” फादर म्हणाले. “उघडायचं काय शिकवायचं, असं वाटलं होतं मला.”

“केतकीला काय सांगू?”

फादर स्टुलावरच्या झाकलेल्या कपाकडे बघत होते.

“काहीतरी सांगा. कुठलं पान आता... परत काय वाचू मी?”

फादरांनी हात पुढे केला. कपावरची बशी काढून बाजूला ठेवली. कपाला बोटांची पाठ लावून पाहिली. मग तो कप दोन्ही हातांनी उचलून हणमंतरावांच्या हातात दिला.

“निवलाय,” ते म्हणाले. “तरी पी.”