दोर वळणारी आणि तेलाचा थेंब

खूप जुनी गोष्ट आहे, कुठल्या राजाच्या वेळची ते विचारू नका. नदीकाठच्या एका गावात दोर वळणारं एक जोडपं राहायचं. त्यांच्या दोरानं बांधलेली नाव पुरातही जागची हलत नसे. असा दोर एकट्याला वळता येत नाही बरं का! एकानं या टोकाला पीळ द्यायचा, दुसऱ्यानं त्या टोकाला ताण धरायचा. नवरा पीळ द्यायचा, बायको ताण धरायची. भांडायचीही दोघं दोन टोकांवरूनच, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी.

एके वर्षी बायकोच्या काखेत गाठ आली. आधी हरभऱ्याएवढी होती, बघता बघता सुपारीएवढी झाली. शेजारच्या गावची वैद्यीण मोठी जाणती होती. तिनं गाठ चाचपली आणि काढा दिला. काढा असा जहाल की पोटात अन्न ठरेना. तोंड सोललं, डोक्यावरचे केस मुठीमुठीनं गळून गेले. नवरा पेज भरवायचा, पाठ चोळायचा, ओकारी आली की भांडं धरायचा.

"अहो, निदान तोंड तरी फिरवा तिकडं," ती म्हणायची.

"इतकी वर्षं भांडताना फिरवलं नाही, आता कशाला फिरवू?" तो म्हणायचा.

काढा लागू पडतोय की नाही, हे बघायची वैद्यिणीची एक रीत होती. रोग्याच्या सकाळच्या लघवीवर ती तेलाचा थेंब सोडायची. नाकं मुरडू नका, जिवावर बेतलं की कसली आलीय किळस! थेंब पसरला तर रोग हटतोय. तसाच राहिला तर रोग अजून ठाण मांडून आहे.

बायकोला चालवत नव्हतं, म्हणून नवरा एकटाच भांडं घेऊन गेला. थेंब पडला आणि पडला तसाच राहिला.

"आता याहून कडक काढा द्यावा लागेल," वैद्यीण म्हणाली. "सोसेल का, ते तिला विचारून ये."

तो तडक घराकडं निघाला. घरी पोचला तर बायको दारातच बसलेली. तिनं आशेनं मान वर केली, आणि या शहाण्यानं काय सांगावं?

"पसरला! झकास पसरला!"

बायको हसली. कितीतरी दिवसांनी हसली. आणि उठून उरलेला काढा तिनं अंगणात ओतून दिला. "सुटले बाई एकदाची! आता हे विष नको."

झाली ना पंचाईत! खरं सांगावं तर तिचं हसू जाणार, न सांगावं तर तीच जाणार.

दुसऱ्या दिवशी ती हट्टानं दोराला बसली. त्यानं पीळ द्यायला घेतला, पण पीळ मध्येच ढिला पडे, मध्येच उगाच घट्ट होई. ज्याच्या हाताचा पीळ तिनं जन्मभर ओळखला, त्याचं थरथरणं तिला कळणार नाही होय?

"थेंब पसरला नाही ना?" तिनं विचारलं.

तो मटकन खाली बसला आणि रडू लागला. "तुला घाबरवायचं नव्हतं गं मला."

"गाठ माझी, काढा माझा, आणि बातमी तेवढी तुमची?" ती कडाडली. मग तिलाही रडू कोसळलं. दोघं पोटभर रडली. डोळे पुसून ती म्हणाली, "आणा तो कडक काढा. पण यापुढं थेंब पडेल तेव्हा मी तिथं असेन. चालवलं नाही, तर पाठीवर घेऊन चला."

त्यानं तिला पाठीवरून नेलं. कडक काढ्यानं तिला पार आडवं केलं, पण तिनं एक घोट चुकवला नाही. पुढच्या खेपेला थेंब जरासा हलला. दोघांनी एकमेकांचे हात गच्च धरले. त्याच्या पुढच्या खेपेला तो भांड्याच्या कडेपर्यंत पसरला.

"गाठ विरली," वैद्यीण म्हणाली. "पण परत येणारच नाही, असं मी सांगणार नाही. दाखवायला येत जा."

"येऊ," दोघं एकदमच म्हणाली.

जत्रेच्या दिवशी ती उघड्या डोक्यानं निघाली, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून. बायका कुजबुजल्या, "अगं बाई, नवरा असताना हे बोडकं डोकं?" ती थांबली नाही. नवरा तिच्या शेजारून छाती काढून चालला होता.

पाटलांनी त्याला पुढं बोलावलं आणि शेला उचलला. "बायकोची अशी सेवा या गावात कुणी केली नाही."

"पाटील, मला तर साधी शिंकही आली नाही," तो म्हणाला. "मी नुसतं भांडं धरलं, सोसलं हिनं. खरं सांगायला मी भ्यालो, ऐकायला ही भ्याली नाही." असं म्हणून तो शेला बायकोच्या डोक्यावरून पांघरू लागला. तिनं त्याचा हात धरला.

"डोक्यावर नको, खांद्यावर घाला," ती म्हणाली. "डोकं दिसू दे की लोकांना!"

मघाशी कुजबुजणाऱ्या बायकाच मग पुढं झाल्या आणि त्यांनी भर जत्रेत तिची ओटी भरली.

तात्पर्य: आजारी जोडीदाराला खोटा धीर देऊ नये, खरं सांगावं आणि त्याच्या शेजारी उभं राहावं.