लुगड्याचे खिसे

यंदा गौरी धाकट्या भाचेसुनेकडे, रेणुकाकडे बसवायच्या की नाही, हे ठरवायला भागीरथी आत्याबाई स्वतः आल्या. टापटिपीत त्यांचा हात धरणारं घराण्यात कोणी नव्हतं. हे घराण्याला त्याच सांगत.

रेणुकाची तीन पोरं लहान. तिने जुन्या लुगड्याचे खिसे शिवून भिंतीला लावले होते. कपडे, खेळणी, सगळं त्यांत. पण खिसे होते जमिनीपासून जेमतेम हातभर वर.

खिसे तपासता तपासता आत्याबाईंची कंबर धरली.

"माप चुकलं वाटतं शिवताना?"

"नाही आत्याबाई, माप घेऊनच शिवलेत."

"कुणाचं?"

तेवढ्यात दोन वर्षांचा बाळू आला, लाकडी बैल खिशात टाकून निघून गेला.

"ह्याचं. पसारा हाच घालतो."

"आमच्याकडे सगळं माझ्या हाताच्या उंचीवर आहे," आत्याबाई ठसक्यात म्हणाल्या. "या वयातही अख्खं घर मी एकटी आवरते!"

"उंची तुमची आहे ना, आत्याबाई. मग दुसरं कोण आवरणार?"

आत्याबाईंनी सावकाश कंबर सरळ केली.

"गौरी इथेच बसव," त्या म्हणाल्या. "मुखवटे तेवढे माझ्या उंचीवर ठेव."