गोड मिरचीचा ठसका

राजा रणधवलाला मिरची सोसवत नव्हती, आणि लोकांना ते कळलेलं त्याहून सोसवत नव्हतं. वैद्यबुवांनी तिखट बंद केलं तेव्हा त्याने मुकाट्याने गूळभात खाल्ला आणि राग काढला येसू माळणीवर. का, तर तिच्या मिरच्यांचं नाव राज्यभर झालं होतं! तिला दरबारात बोलावून त्याने हुकूम सोडला, "जिभेला गोड लागेल, पोटात आग करणार नाही, पण खाणाऱ्याला झोंबलीच पाहिजे, अशी मिरची आठ दिवसांत आण. नाहीतर तुझ्या वावरात माझे घोडे चरतील."

येसूचा सगळा जीव त्या वावरात. बारा वर्षं ती दर हंगामात सरस झाडाला दोरा बांधून त्याचंच बी धरत आली होती. मधमाश्यांनी परागांची सरमिसळ करू नये म्हणून तिखट आणि गोड झाडांचे वाफेसुद्धा लांब लांब ठेवायची. घोडे शिरले की बारा वर्षं चाऱ्यात जाणार होती. फळात एक नवा गुण उतरवायला पाच-सात हंगाम लागतात, हे तिने सांगून पाहिलं. प्रधानजींनी मान हलवली, पण राजाची हलेल त्याच बाजूला.

आठव्या दिवशी ती परडीत एकच लालभडक, वीतभर मिरची घेऊन आली. राजाने भीतभीत चावा घेतला. गोड! मग त्याने ती देठापर्यंत फस्त केली आणि मांडीवर थाप मारली.

"अगं, ही झोंबली कुठे? सोडा रे घोडे!"

"जरा दम धरा, महाराज," येसू म्हणाली. "मिरची कशी केली ते तरी ऐका. नुसता रंग नि लांबी बघून बी धरलं की वाण बिघडतो. आपल्याच घरचं बघा ना. आजोबांनी वाघ मारला, वडिलांनी रानडुक्कर मारलं, आणि आपण गूळभात मारता. आपल्या घराण्यात बी निवडायला कुणी माळीण नव्हती, एवढंच."

दरबार गारठला. राजाचे कान तापले, नाक फुललं, डोळ्यांत पाणी आलं. तो ताडकन उठून ओरडला, "हिला आत्ताच्या आत्ता..."

"झोंबली ना, महाराज?"

राजा उभ्याचा उभा राहिला. मग पोट धरून इतका हसला की मुकुट सावरावा लागला. प्रधानजीही हसले, अर्थात मागाहून. येसूला तेच वावर सारा माफ करून इनाम मिळालं, शिवाय शेजारची विहीरही. आणि ती निघताना राजाने हळूच विचारलं, तसली गोड मिरची आणखी आहे का म्हणून.