पुठ्ठ्यावरचा सेफ्टी बेल्ट

एकदा एक कंपनी होती, असे म्हणून तिला जुन्या काळात ढकलायची माझी इच्छा नाही. अशा कंपन्या आजही आहेत, म्हणूनच ही कथा सांगताना माझा पारा चढतो. ही कंपनी उंच जलकुंभांना रंग देण्याचे काम करी. तिच्या मालकाने एक सॉफ्टवेअर आणले. शिड्या, दोर, सेफ्टी बेल्ट, प्रत्येक वस्तूवर क्रमांकाचा स्टिकर लागला. दर सोमवारी वस्तूपाशी जायचे, ती हातात घेऊन पारखायची आणि मग मोबाइलने स्टिकर स्कॅन करायचा. तसे केले की कार्यालयातल्या पडद्यावर त्या वस्तूपुढे हिरवा ठिपका उमटे.

हे काम एका तरुणाकडे होते. गिरणीच्या भांडारात आयुष्य घालवलेल्या वृद्ध आप्पांचा तो शिष्य. नोंद कशी ठेवावी हे त्यांच्याकडेच शिकलेला. पण गोदाम पडले आवाराच्या दुसऱ्या टोकाला, आणि ऊन तर मी म्हणत होते. मग या शहाण्याने काय करावे? सगळ्या स्टिकरांच्या दुसऱ्या प्रती छापल्या, एका पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवल्या आणि पुठ्ठा टेबलाच्या खणात ठेवला. सोमवार आला की पंख्याखाली बसून दहा मिनिटांत सारी मालमत्ता तपासून मोकळा! पडदा सदा हिरवागार, आणि मालक आल्यागेल्याला तो कौतुकाने दाखवी.

एका मंगळवारी सकाळी आप्पा शिष्याला भेटायला आले. समोरच्याच जलकुंभाचे काम चालू होते. तेवढ्यात हैबती नावाचा वयस्क रंगारी दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, सात नंबरच्या बेल्टची शिवण उसवलीय. दुसरा धड बेल्ट नाही."

शिष्याने पडद्याकडे पाहिले. "मामा, सात नंबर सुस्थितीत आहे. कालच तपासलाय. उगाच खोट काढू नका, चढा. दुपारी पाहुणे काम बघायला यायचेत."

"काल? काल गोदामाला कुलूप होतं की."

"कुठे तपासलास रे?" आप्पांनी विचारले. शिष्याने खण उघडून पुठ्ठा दाखवला. चेहऱ्यावर किंचित अभिमानही होता, हे सांगताना मला संताप येतो.

आप्पांनी पुठ्ठा उचलला, शिष्याला दंडाला धरून जलकुंभाखाली नेले आणि तो पुठ्ठा सुतळीने त्याच्या कमरेला घट्ट बांधला.

"चढ."

शिष्य गोंधळला. सत्तर फूट उंच शिडी पाहून त्याच्या कपाळावर घाम आला. मालक धावत आले. "आप्पा, अहो, हे काय? पडेल ना तो!"

"का पडेल? बेल्ट आहे ना. सुस्थितीत आहे. तुमचा पडदाच सांगतोय." आप्पांचा आवाज चढला. "पोरगा पडेल म्हणून तुमच्या पोटात गोळा आला. मग हा हैबती रोज चढत होता, तेव्हा तुमचं भय कुठं गेलं होतं?"

मग ते शिष्याकडे वळले. "यंत्रावर माझा राग नाही, ते बिचारं सांगाल ते धरून बसतं. राग तुझ्यावर आहे. वस्तूची नोंद म्हणजे ती ज्याच्या हाती जायची त्याला दिलेला शब्द. नजरचूक झाली असती तर मी पोटात घातली असती. पण न बघता 'बघितलं' म्हणायचं, आणि समोर उभं राहून सांगणाऱ्या माणसालाच खोटं पाडायचं? लाज वाटू दे!"

शिष्याने सुतळी सोडली आणि तो गोदामाकडे गेला. नोंदीत बारा बेल्ट होते. सापडले पाच, आणि त्यांतला एकही माणसाचा भार पेलण्याजोगा नव्हता. त्याने तिथेच उभे राहून एकेकाची खरी नोंद केली. कार्यालयातल्या पडद्यावर लाल ठिपके उमटू लागले.

"अरे, पाहुणे यायचेत!" ते पाहून मालक गोदामाच्या दारात येऊन ओरडले. "लाल काय करायचं ते उद्या कर."

"उद्या नाही," शिष्य म्हणाला. "नवे बेल्ट आल्याशिवाय कोणीही चढणार नाही."

तो हैबतीपाशी आला. "मामा, चूक माझी होती. तुम्ही आज चढू नका."

हैबतीने रंगाची बादली खाली ठेवली आणि तो सावलीत टेकला.

"सोळा वर्षं चढतोय, साहेब. चढू नका, असं आज पहिल्यांदा कुणी म्हणालं."